कुपवाडच्या शेडमध्ये जुने ओबीएम : गंजरोधक कामाचे परीक्षण

कृष्णाकाठच्या गावांनी पुरासाठी घेतलेल्या बोटींची ओबीएम मशिने, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने, चालून झिजत नाहीत, ती पडून राहून खराब होतात. पावसाळ्यात थोडे दिवस गढूळ पाण्यात राबायचे आणि उरलेले वर्ष ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काढायचे, हा त्यांचा क्रम असतो. आमच्या गावच्या बोटीचे मशीन 40 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, जुन्या धाटणीचे टू-स्ट्रोक आहे आणि ते रत्नागिरीकडच्या एका मासेमारी होडीवरून जुने म्हणून विकत घेतलेले आहे. त्यामुळे नदीत उतरण्याआधीच समुद्राचा खार त्याच्या अंगात मुरलेला होता. या मशिनाची संपूर्ण खोलाई करून पुनर्बांधणी केली, तेव्हा त्याचे ॲल्युमिनियमचे सर्व बाह्य भाग कुपवाड एमआयडीसीतील एका कोटिंग शेडमध्ये दिले होते. त्या कामाचे हे परीक्षण आहे. शेडचे मालक जाहिरात करत नाहीत आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. मात्र पंपांच्या ओतकामावर ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून पृष्ठभाग साफ करणे) आणि एपॉक्सी (राळेचा पक्का रंग) कोण करून देते, असे कुपवाड-मिरज भागातील कोणत्याही पंप दुरुस्तीवाल्याला विचारले, तर तो याच शेडचा रस्ता सांगतो.

एवढ्या जुन्या मशिनावर खर्च कशाला, असा प्रश्न गावात काहींनी विचारला आणि तो गैर नव्हता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून माणसे गेली. तेव्हापासून नदीकाठच्या गावांत बोट आणि तिचे साहित्य यांकडे फार गांभीर्याने पाहिले जाते. नवे मशीन घेण्याइतका निधी नसेल, तर आहे ते मशीन प्रवाहाच्या मध्यावर बंद पडणार नाही इतके भरवशाचे करणे, एवढाच मार्ग उरतो. मिरजेच्या मिस्त्रींनी क्रँक, पिस्टन आणि ब्लॉक तपासून यंत्राचा गाभा चांगला असल्याचा निर्वाळा दिला. बिघाड होता तो कवचात.

हा बिघाड नेमका कसा होता, हे सांगितल्याशिवाय शेडच्या कामाचे मोल कळणार नाही. मधल्या खांबाला, म्हणजे पॉवरहेड (वरचे इंजिन) आणि गियरकेस (पाण्यातला, पंख्याचे गियर असलेला भाग) यांना जोडणाऱ्या लांबट भागाला, खालून बसणारे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बाहेरून चकचकीत दिसत होते. त्यांच्या माथ्याभोवती मात्र रंग फुगून वर आला होता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो फुगवटा टोकरताच ओल्या चुनकळीसारखी पांढरी भुकटी बाहेर पडली आणि तिच्याखाली बोल्टच्या कडेने ॲल्युमिनियममध्ये नखभर खोल खड्डा निघाला. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी शिरले, की त्यांचा विद्युत घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. त्यामुळे ती आट्यांमध्ये दाटते आणि बोल्ट असा जखडतो की जोर लावल्यावर तो फिरत नाही, तुटतो. गॅसच्या बारीक ज्योतीने आजूबाजूचे ॲल्युमिनियम तापवायचे, थंड होऊ द्यायचे, भेदक तेल सोडायचे आणि पुन्हा तापवायचे, असे करत मिस्त्रींनी जवळजवळ सगळे बोल्ट शाबूत काढले. जे तुटले, तेथे ड्रिल मारून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्या देणारे तारेचे वेटोळे, बसवावे लागले.

शेडमध्ये हे भाग घेऊन गेल्यावर मालकांनी पहिला प्रश्न रंगाविषयी विचारला नाही. भाग कशाने धुतले, हे त्यांनी विचारले. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजांत ग्रीस आणि काजळी काढण्यासाठी पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून त्यात लोखंडी भाग उकळतात. तेच पिंप ॲल्युमिनियमसाठी वापरले, तर कॉस्टिक धातूच विरघळवते. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे येत राहतात आणि पाहणाऱ्याला वाटते की मळ सुटतो आहे. "कॉस्टिकमध्ये घातलं असतंत तर मी हात लावला नसता, अण्णा. आतल्या आट्याच खाऊन टाकल्या असत्या त्यानं," असे त्यांनी मिस्त्रींना स्पष्ट सांगितले. आमचे भाग केवळ डिझेल आणि साबणाच्या पाण्याने धुतलेले होते, त्यामुळे ते स्वीकारले गेले.

या शेडचे जे काम मला सर्वांत मोलाचे वाटले, ते बाहेरून अजिबात दिसत नाही. समुद्रातून आलेल्या ओतकामाच्या सूक्ष्म छिद्रांत मीठ बसलेले असते. वरून कितीही उत्तम रंग दिला, तरी भिंतीला लोणा लागावा तसे ते हवेतील ओल ओढून घेते आणि रंग आतून ढकलते. त्यामुळे येथे प्रत्येक भाग गोड पाण्यात भिजवून, जोराच्या फवाऱ्याने धुऊन, पुन्हा भिजत घातला जातो. मीठ निघाले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही म्हणून त्याची चाचणी होते. शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी घेतात, त्यातील थोडे परीक्षानळीत काढतात, नायट्रिक आम्लाचा एक थेंब टाकतात आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडतात. आमच्या गियरकेसच्या पहिल्या पाण्यात थेंब पडताच दुधासारखा पांढरा ढग पसरला. भाग पुन्हा भिजत गेला. पाणी नितळ राहीपर्यंत त्यांनी ब्लास्टिंगला हात लावला नाही. ही चाचणी साध्या नळाच्या पाण्यावर करून उपयोग नसतो, कारण त्यात मुळातच क्लोराइड असते. हा बारकावा ते पाळतात आणि विचारल्यास समजावूनही सांगतात. मालकांच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कायमचे बसलेले आहेत.

ब्लास्टिंगबाबतही त्यांची शिस्त पक्की आहे. लोखंडी कामासाठी वापरलेले शॉट किंवा ग्रिट ॲल्युमिनियमवर मारले, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि पुढे प्रत्येक कणाभोवती क्षरण सुरू होते. म्हणून ॲल्युमिनियमसाठी येथे वेगळी कॅबिनेट ठेवलेली आहे आणि तिच्यात फक्त पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइड कमी दाबाने वापरतात. काचेचे मणी पृष्ठभाग सुंदर गुळगुळीत करतात, परंतु प्रायमरला धरून ठेवायला टोकदार खडबडीतपणा लागतो आणि तो ऑक्साइडने मिळतो. गॅस्केटच्या बैठका, बेअरिंगची घरे आणि आट्या असलेली छिद्रे त्यांनी रबरी बुचांनी आणि जाड टेपने झाकली. सिलिंडर ब्लॉक आणि क्रँककेस मात्र त्यांनी ब्लास्टिंगसाठी घेतलीच नाहीत. क्रँककेसची दोन शकले एकत्र बोअर केलेली असतात, त्यांच्या जुळणाऱ्या पृष्ठभागावर ओरखडाही चालत नाही, आणि तेलाच्या बारीक वाटेत अडकलेला एक कण नवे बेअरिंग संपवू शकतो. मिळणारे काम असे नाकारणारा कारागीर मला अधिक विश्वासू वाटतो.

ब्लास्टिंगनंतर ॲल्युमिनियमवर रासायनिक थर दिला जातो. पूर्वी हा सोनेरी पिवळ्या झाकेचा क्रोमेट असे. तो गुणकारी होता, परंतु त्यातील हेक्झाव्हॅलंट क्रोमियम माणसाला आणि पाण्याला घातक असते. येथे आता ट्रायव्हॅलंट प्रकार वापरतात. तो जवळजवळ रंगहीन असल्याने थर बसला की नाही हे नजरेला कळत नाही आणि द्रावणाचे तापमान, आम्लता व वेळ काटेकोर पाळावी लागते. त्यावर दोन-घटकी एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा वरचा थर चढतो. एपॉक्सी पाण्याला उत्तम अडवते, पण उन्हात भुकटीसारखी होते, म्हणून वरचा थर अनिवार्य आहे. भिंतीवर आर्द्रतामापक टांगलेले आहे आणि काटा 85 टक्क्यांच्या पुढे गेला की रंगाची गन बंद, असा नियम आहे. आमच्या कामाच्या वेळी अवकाळी पावसाने तो काटा वर नेला, तेव्हा ब्लास्टिंग पुढच्या कोरड्या दिवसापर्यंत थांबवले गेले. उघडा केलेला धातू रात्रभर ठेवायचा नाही, शक्यतो चार तासांच्या आत तो झाकायचा, या दंडकामुळे असे थांबणे भागच असते. प्रायमरची जाडी त्यांनी एडी करंट मापकाने जागोजागी मोजून दाखवली.

मला पावडर कोटिंग हवे होते, कारण ते दिसायला घट्ट आणि एकसारखे असते. मालकांनी ते नको म्हटले आणि त्यांची कारणे पटली. जुन्या ओतकामाच्या छिद्रांतील वायू भट्टीत तापल्यावर बाहेर पडतो आणि थरात टाचणीएवढी भोके सोडतो. बोल्टच्या माथ्याखाली जाड पावडर तडकते आणि त्या चिरेतून शिरलेले पाणी थराखालून लांबवर पसरते. शिवाय गावात ओरखडा पडला, तर पावडरची डागडुजी करता येत नाही, तर एपॉक्सी आणि वरचा रंग ब्रशनेही लावता येतो. पुराच्या पाण्यात तारा, झाडांच्या फांद्या आणि पत्रे असतात. ओरखडे पडणार हे गृहीत धरूनच रंग निवडला पाहिजे.

या सगळ्या काळात क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगे आणि गियर मिरजेत मिस्त्रींच्या फळीवर उघडे पडणार होते आणि पुनर्बांधणीत हाच टप्पा सर्वांत दुर्लक्षित राहतो. रॉकेलने धुतलेल्या पोलादावर संरक्षक तेलाचा थर उरत नाही. दमट हवेत आणि घामाच्या बोटांच्या ठशांवर एका रात्रीत तांबूस डाग येतात आणि बेअरिंगच्या घरंगळणाऱ्या पृष्ठभागावरचा तो डाग पुढे खळगा होतो. शेडचे मालक मशीन शॉपच्या निर्यातीच्या भागांना कोटिंग करून देतात, त्यामुळे त्यांच्याकडे व्हीसीआयच्या, म्हणजे गंजरोधक वाफ सोडणाऱ्या, पिशव्या होत्या. त्यातील काही त्यांनी आम्हाला दिल्या. या पिशवीतून किंवा कागदातून निघणारी वाफ धातूवर अदृश्य थर धरते आणि गंज रोखते, परंतु पिशवी हवाबंद असेल तरच. तोंड उघडे राहिले की ती साधी पिशवी होते. शिवाय केवळ लोखंडासाठीची आणि अनेक धातूंसाठीची असे तिचे निराळे प्रकार असतात. पितळेच्या बुशा आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन यांच्यासाठी दुसरा प्रकारच घ्यावा. मिस्त्रींनी प्रत्येक पोलादी भाग टू-स्ट्रोक ऑइलने माखून पिशवीत घातला आणि पिशवीवर चिठ्ठी लावली. जोडणीच्या वेळी क्रँक जसा ठेवला तसा निघाला.

आता उणिवा सांगतो, आणि त्यातली पहिली किरकोळ नाही. गियरकेसवर क्षरणरोधक ॲनोड जेथे बसतो, ती जागा त्यांनी रंगवून टाकली होती. ॲनोड स्वतः झिजून भोवतीच्या ॲल्युमिनियमला वाचवतो, पण त्यासाठी दोघांत धातूचा धातूशी थेट संपर्क लागतो. मध्ये एपॉक्सी आली, की ॲनोड नवाकोरा राहतो आणि गियरकेस खाल्ली जाते. मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा ॲनोडच्या बोल्टपासून प्रॉपेलर शाफ्टच्या घरापर्यंत जोडणीच नव्हती. बैठक खरवडून उघडी केल्यावर रोध एका ओहमच्या खाली आला. मालकांचे म्हणणे असे की पंपाच्या ओतकामावर ॲनोड नसतो, म्हणून त्यांच्या झाकण्याच्या यादीत ही जागा नव्हती. हे स्पष्टीकरण प्रामाणिक आहे, तरी ओबीएम देणाऱ्या प्रत्येकाने ॲनोडची बैठक, अर्थिंगच्या तारांची टोके आणि मशीन बोटीला धरणाऱ्या कंसाचे संपर्कबिंदू खडूने खुणा करून द्यावेत आणि ते चलनावर लिहून घ्यावे. भाग नीट रंगवले, की ते एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तुटतात. त्यामुळे कंस, मधला खांब आणि गियरकेस यांना जोडणाऱ्या तारा पुनर्बांधणीत आधीपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.

दुसरी उणीव अशी की इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेतील एका बारीक छिद्रात ब्लास्टिंगचा माल अडकून राहिला होता. जोडणीआधी मिस्त्रींनी प्रत्येक वाटेतून पाणी सोडून पाहिले म्हणून तो सापडला. भाग परत देताना सर्व वाटा हवेने फुंकून तपासल्याची नोंद शेडने द्यायला हवी. तारीख सांगून तिच्या पुढे जाणे, ही आपल्या भागातील जुनी सवय येथेही आहे, मात्र फोन केल्यावर काम कोठे आले आहे हे खरे सांगतात.

ॲनोडची निवड शेडच्या कामात येत नाही, परंतु त्यावर मालकांनी दिलेला सल्ला योग्य होता. मशिनासोबत आलेले ॲनोड जस्ताचे होते. ते समुद्रासाठी ठीक असतात, पण नदीच्या गोड्या पाण्यात जस्तावर घट्ट पापुद्रा धरतो आणि ते काम थांबवते. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम सर्वांत जोरकस असते, मात्र तेच मशीन कधी खाडीत नेले, तर ते झपाट्याने संपते. आमची बोट जिल्ह्याबाहेर मदतीला जाण्याची शक्यता असल्याने खास मिश्रधातूचे ॲल्युमिनियम ॲनोड घेतले, जे दोन्हीकडे चालतात. ॲनोडवर रंग, ग्रीस किंवा वार्निश यांपैकी काहीही लावायचे नाही.

जोडणीच्या वेळी प्रत्येक स्टेनलेस बोल्टच्या आट्यांना आणि माथ्याखाली सागरी वापराचे विलगक मलम, म्हणजे दोन धातू वेगळे ठेवणारे मलम, लावले. येथे तांबेयुक्त अँटी-सीझ (बोल्ट जखडू नये म्हणून लावायचे मलम) किंवा ग्रॅफाइट ग्रीस वापरणे उलट घातक ठरते, कारण तांबे आणि ग्रॅफाइट दोन्ही ॲल्युमिनियमच्या तुलनेत स्टेनलेसइतकेच परके आहेत. दुकानात काळे ग्रीस सर्वांत आधी पुढे केले जाते, ते घेऊ नये. प्रॉपेलर शाफ्टच्या बेअरिंग कॅरियरच्या बाहेरच्या कडेला भरपूर सागरी ग्रीस भरले. हा भाग आत जखडला, तर पुढच्या खोलाईत गियरकेस फोडण्याची वेळ येते. फ्लायव्हीलखालच्या कॉइलच्या पत्र्यांवर गंज होता. तो साफ करून मोटार वायंडिंगवाल्यांकडून त्यांचे इन्सुलेटिंग वार्निश पातळ मारून घेतले, तेवढे पुरले.

कार्बोरेटरसाठी या शेडकडे जाण्याचे कारण नाही. तो स्वच्छ करून आत कोरडा ठेवणे हेच त्याचे संरक्षण आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यांना त्याचा लाभ आहे आणि तो मिळायला हवा, पण इथेनॉल हवेतील पाणी ओढते आणि पडून राहिलेल्या इंधनातून ते पाणी तळाशी बसते. म्हणून बोट वापरून झाली, की इंधनाची नळी सोडून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे आणि फ्लोटची वाटी रिकामी करणे, हा नियम आम्ही मशिनाच्या झाकणावरच रंगवून घेतला आहे.

कामाचा दर शेड नगावर सांगते, वजनावर नाही. ब्लास्टिंग, रासायनिक थर आणि रंग यांचे आकडे बिलावर वेगवेगळे येतात, त्यामुळे कशाला किती गेले हे सरपंचांनाही दाखवता आले. साध्या रंगाच्या दुकानापेक्षा खर्च स्पष्टपणे जास्त आहे. मशीन त्यानंतर नदीत चालवले, गाळाच्या पाण्यात चालवले आणि दर वेळी स्वच्छ पाण्याने आतून धुऊन ठेवले. वाळूने घासून गियरकेसच्या नाकावरचा वरचा रंग गेला, खालचा प्रायमर जागेवर आहे. बोल्टच्या माथ्याभोवती कोठेही फुगवटा नाही आणि एक बोल्ट मुद्दाम सैल करून पाहिला, तेव्हा तो साध्या पान्याने फिरला. अशा कामासाठी मी ही शेड शिफारस करतो, वर सांगितलेल्या दोन बाबी लिहून घेण्याच्या अटीवर.

मशीन द्यायचे असल्यास दिवाळीनंतर लगेच खोलावे आणि माघ संपण्याच्या आत भाग कुपवाडला पोहोचवावेत. ऊस गाळप संपले की साखर कारखान्यांच्या पंपांची दुरुस्ती सुरू होते, शेडचे दार पंपांच्या ओतकामाने भरून जाते आणि त्या गर्दीत एका गावच्या बोटीचा नंबर मागे पडतो. पावसाळा मात्र जूनमध्येच येतो.